उशिरा उठणाऱ्या माश्या

निरोप साठेवहिनींनी दिला, तोही जिन्यात. पुतण्याची मुंज आटोपून मी संगमेश्वरहून परतले होते. खांद्याला पिशवी, एसटीत अवघडलेलं अंग, आणि ठाण्याला कोपरीतल्या आमच्या इमारतीचा दुसरा मजला त्या दिवशी नेहमीपेक्षा उंच वाटत होता. वहिनी वरून येत होत्या. मला बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या डोंबिवलीच्या मैत्रीण... परवा दुपारी गेल्या. कॉलेजातून फोन आला होता आमच्याकडे. पण तुम्हांला कुठे कळवणार?" परवा दुपारी. म्हणजे सगळं उरकूनही झालेलं. मी पायरीवरच बसले. रडू वगैरे आलं नाही. खरं सांगायचं तर मला आधी कुमुदचा रागच आला. निघण्याआधी भेटायला गेले होते तेव्हा हीच म्हणाली होती, "जाऊन ये गं, मुंज काय रोज असते का, मी कुठे पळून जात नाही." आणि मी पाठ फिरवायचा अवकाश, निघून गेली. त्या संतापात मी किती वेळ जिन्यात बसून होते कोण जाणे, वहिनींनीच पिशवी उचलून मला घरात नेलं.

आता काही आठवडे लोटलेत. मधे कॉलेजात शोकसभा झाली. कुमुदच्या शिकवण्याबद्दल, तिच्या शिस्तीबद्दल, स्नेहसंमेलनात तिनं केलेल्या मसालेभाताबद्दलसुद्धा लोक भरभरून बोलले. प्राचार्यांनी तर तिला 'विद्यार्थ्यांची माउली' करून टाकलं. ती असती तर पदराआड तोंड लपवून हसली असती. पण तिच्या माश्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? जुन्यांपैकी आता आम्ही दोघी-तिघीच उरलो, आणि त्यांतही सगळं ठाऊक असलेली मी एकटी, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

कल्याणच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची आणि ती प्राणिशास्त्राची. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या कपाटातून एक आंबूस-गोडसर वास यायचा. एकदा न राहवून मी ते उघडलं, तर आत दुधाच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला मलमलीत गुंडाळलेले कापसाचे बोळे, आणि प्रत्येक बाटलीत बारीक माश्या वळवळतायत. सडक्या केळ्यांवर बसतात ना, तीच चिलटं. मी किंचाळले. कुमुद धावत आली आणि मला काही झालंय का हे न विचारता आधी बाटल्या बघू लागली. "हलवल्यास का गं?" हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. अशा बाईशी पुढे माझी एवढी मैत्री जमली, याचं मला अजून नवल वाटतं.

ती तेव्हा पीएच.डी.साठी नोंदवलेली होती. शनिवारी मुंबईला एका संशोधन संस्थेत जायची आणि उरलेला आठवडा आमच्या पोरांना बेडूक फाडायला शिकवायची. ती चिलटं साधी नव्हती. एक दिवस तिनं मला मुद्दाम थांबवून घेतलं. बाटलीतल्या हिंडत्या-फिरत्या माश्या दाखवल्या आणि बाटली खिडकीत उन्हात धरली. काच कोमट होते न होते तोच माश्या टपटप खाली पडल्या. पाय आकसलेले, पंख पसरलेले, सगळ्या उताण्या. "मारल्यास ना बिचाऱ्या!" मी म्हटलं. "थांब जरा," ती म्हणाली. तिनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आम्ही बघत बसलो. थोड्या वेळानं एकीचा पाय हलला. मग दुसरीचा. मग एकेक करून सगळ्या उठून, जणू काही झालंच नाही अशा काचेवर चढू लागल्या. माझ्या अंगावर काटा आला. कुमुदच्या चेहऱ्यावर मात्र लग्नात वाढायला उभ्या असलेल्या यजमानीणबाईसारखं समाधान होतं.

हे असं का होतं, ते तिनं मला कॉलेजच्या कँटीनमध्ये समजावलं होतं. मला प्राण्यांतलं फारसं कळत नाही, पण तिनं सांगितलेलं विसरता येत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी म्हणे अगदी सूक्ष्म पिशव्या असतात, निरोपाचं रसायन भरलेल्या. निरोप द्यायची वेळ आली की पिशवी कडेला जाऊन चिकटते, तिचं तोंड उघडतं, रसायन पलीकडे सांडतं, आणि रिकाम्या पिशवीचं कातडं भिंतीतच मिसळून जातं. "आता बघ," ती म्हणाली, "दर वेळी नवी पिशवी कुठून आणणार? आपल्या दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळते का? तसंच. पेशी ते भिंतीतलं कातडं पुन्हा आत ओढते, मान आवळून तोडते, त्याची पिशवी करते आणि परत भरते. दिवसभर हेच चालू. तू आत्ता चहाचा कप उचललास ना, तेवढ्यात किती बाटल्या गेल्या न् आल्या असतील." तिच्या माश्यांमध्ये ऊब लागली की ही परतीची वाटच बंद व्हायची. पिशव्या रित्या व्हायच्या, कातडं भिंतीत अडकून राहायचं, आवळून तोडणारं काही कामच करायचं नाही. थोड्याच वेळात निरोपाला पिशवी उरायची नाही, आणि माशी पडायची. मेलेली नसायची. नुसती रिकामी झालेली असायची.

पण या माश्या जगात आणखीही काही ठिकाणी होत्या. कुमुदच्या स्वतःच्या होत्या त्या वेगळ्या. संस्थेतल्या बाटल्यांत तिला कधीतरी दिसलं होतं की सगळ्या उठल्या तरी एखाददुसरी पडूनच राहते. इतर लोक अशा माश्या मेल्या म्हणून झटकून टाकत. ही थांबायची. बऱ्याच वेळानं तीही उठायची. त्या उशिरा उठणाऱ्यांना निवडून, त्यांची पिल्लं वाढवून, त्यांतून पुन्हा निवडून, तिनं काही वर्षांत एक वेगळा वाणच तयार केला होता. त्यांच्यात काहीतरी दुसरंही बिघडलेलं आहे, आणि ते सापडलं तर कातडं परत कसं येतं याचा एक टाका उलगडेल, असं तिचं म्हणणं होतं. संस्थेतल्या तिच्या मार्गदर्शक सरांनाही ते पटलं होतं. तिचा सगळा प्रबंध त्या माश्यांवर उभा होता. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला संस्थेतल्या बाटल्यांना एक बारीक किडा लागला आणि तिथला तिचा संच गेला. कॉलेजच्या कपाटातल्या बाटल्या तिनं त्याआधीच घरी नेल्या होत्या. सर म्हणाले, "तुमच्या घरी आहेत ना, मग काळजी नाही." म्हणजे त्या वाणाचा अख्ख्या जगातला ठावठिकाणा आता एकच उरला : डोंबिवली पश्चिम, कोपरच्या बाजूची एक इमारत, तळमजला, मोरीच्या शेजारी ठेवलेला माठ.

माठाची युक्ती तिचीच. घरात फ्रिज होता, पण तो फार गार. मग मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत बाटल्या रोवलेल्या, वर भिजवलेलं गोणपाट. मे महिन्यातसुद्धा आत छान गारवा असायचा. तिचे यजमान दत्ताभावजी ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सरळ माणूस, हाताला अतिशय नेटका. पेन्सिलीला टोक काढताना बघावं, एक कपचा इकडचा तिकडे जायचा नाही. बायकोच्या माश्यांचं त्यांना विलक्षण कौतुक होतं. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून माश्यांची खीर शिजवायची असली की ढवळायला तेच बसत. शेजारपाजारचे हसत, पण ते म्हणत, "अहो, आमच्याकडे गुरंढोरं आहेत ती ही. वेळच्या वेळी वैरण नको?"

त्याच्या पुढच्याच मे महिन्यात सांगलीला कुमुदच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. ती मुलाला घेऊन तिकडे गेली आणि माश्या भावजींवर सोपवल्या. गोणपाट कधी भिजवायचं, बाटल्या कधी बदलायच्या, सगळं त्यांना पाठ होतं; का, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते तिला सांगलीला पोस्टकार्डं पाठवत, त्यात शेवटी हमखास 'माश्या खुशाल आहेत' असं लिहिलेलं असे. तिच्या आईला वाटे, जावयाचं काहीतरी बिनसलंय.

ती परतली तेव्हा मीही बरोबर होते. कल्याणला गाडीतून उतरवून घ्यायला गेले होते, तशीच तिच्याबरोबर घरी गेले. भावजी दारातच उभे. हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्यांनी तिला माठाशी नेलं. बाटल्या गच्च भरलेल्या होत्या. काचेवर माश्याच माश्या, टवटवीत, चपळ. "मधे मोठा घोटाळा झाला होता," ते उत्साहानं सांगू लागले. "पाणी आलं नाही, टँकर नाही, काही नाही. माठ कोरडा ठणठणीत. मी कामावरून येऊन बघतो तर सगळ्या मरून पडलेल्या! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. पण नीट बघितलं, तर दोन बाटल्यांत थोड्या हिंडत होत्या. म्हटलं, साथ आली असेल. लगेच त्या जिवंत तेवढ्या नव्या बाटलीत घेतल्या, मेलेल्या टाकून दिल्या, पाणी आल्यावर जुन्या बाटल्या कढत पाण्यानं धुऊन काढल्या. आणि आता बघ!" ओट्यावर फळीशी त्या धुतलेल्या बाटल्या ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या, लखलखीत. पलंगाखाली आंब्यांची अढी लावलेली होती आणि घरभर आंब्यांवरची चिलटं उडत होती. कुमुदनं एकदा त्या अढीकडे पाहिलं. मग एक बाटली उचलून खिडकीत उन्हात धरली, बराच वेळ धरली. काच चांगली तापली. एकही माशी पडली नाही. मला कळायला क्षणभर लागला. तिला आधीच कळलेलं होतं. "छान सांभाळल्यात हो," ती नवऱ्याला म्हणाली. "चहा टाकता का?"

ते चहा टाकायला गेले आणि ती मोरीत तोंड धुवायला गेली. पाण्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, फार वेळ. तांब्याभर पाण्यासाठी लोक भांडत होते त्या दिवसांत, आणि कुमुदनं नळ तसा कधी सोडून ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला फैलावर घेतलं. "सांगितलंस का त्यांना?" "काय सांगू?" ती म्हणाली. "ज्या टाकल्या त्या माझ्या होत्या आणि ज्या जपल्या त्या बाटल्या बदलताना आत शिरलेल्या आंब्यावरच्या, हे सांगू? त्यांनी पोटच्या पोरासारख्या जपल्यात गं त्या." मी म्हटलं, "मग सांगायलाच हवं. उद्या पुन्हा असंच काही करतील." "पुन्हा करायला उरलंय काय?" तिनं विचारलं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. पुढे काय झालं, तर तिनं त्या बाटल्या टाकल्यासुद्धा नाहीत. एकदम टाकल्या असत्या तर भावजींनी कारण विचारलं असतं. म्हणून पुरतं वर्षभर ही बाई आंब्यावरच्या त्या फुकट चिलटांना गुळाची खीर घालत राहिली, आणि भावजी इमानेइतबारे ती ढवळत राहिले. मग सर निवृत्त झाले, तेव्हा "आता आमचं काम संपलं" असं सांगून तिनं माठ रिकामा केला. त्या माठात पुढे त्यांनी कोरफड लावली. सरांनी जाण्यापूर्वी दुसरा विषय सुचवला होता, पण पुन्हा पहिल्यापासून निवडत बसायला आणखी किती वर्षं लागणार, याचा तिला अंदाज होता. नोंदणीची मुदत संपली. प्रबंध झाला नाही तो नाहीच.

मी मात्र भावजींना माफ केलं नाही. वचन दिलं होतं म्हणून बोलले नाही एवढंच. ते "मीनाताई, बसा, कांदेपोहे करतो" म्हणायचे, आणि मी पोहे खाता खाता मनात म्हणायचे, बाबा रे, एक तासभर थांबला असतास तर तुझं काय जात होतं? असा राग वर्षानुवर्षं धरणं ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण माझा स्वभाव तसा आहे. कुमुदनं तो कसा गिळला हे मला कधीच समजलं नाही. गिळला होता की नव्हताच, हेही.

नव्वदीनंतर कधीतरी ती मुंबईच्या ग्रंथालयातून आली ती सरळ माझ्याकडे, कोपरीला. चप्पल काढायचंही भान नव्हतं. परदेशात शोध लागला होता. पिशवीची मान आवळून तोडणारी वस्तू सापडली होती, आणि गरम झाल्यावर पडणाऱ्या माश्यांमध्ये नेमकं तेच बिघडलेलं असतं हेही. आणखी कुणी असा रंग शोधला होता की कातडं परत आत ओढलं जाताना सूक्ष्मदर्शकाखाली दिवे लागल्यासारखं दिसावं. "दिसतं गं आता! डोळ्यांनी दिसतं!" ती लहान मुलीसारखी सांगत होती. सांगता सांगता थांबली. "माझ्या त्या असत्या ना... तर त्या का उशिरा उठायच्या, ते आता बघता आलं असतं." एवढंच बोलली. मी पोळ्या करत होते. तिनं लाटणं माझ्या हातातून घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटून टाकल्या. त्यानंतर हा विषय तिनं काढला नाही. ती ग्रंथालयातही गेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिचं दुखणं कळलं. कॅन्सर, आणि उशिरा कळलेला. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. मुलगा प्रमोद बडोद्याला नोकरीवर, तो जाऊन-येऊन असे. सगळं भावजींनीच केलं. माझ्या नजरेसमोर ते वाकत गेले. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, आणि त्यातही तोच जुना नेटकेपणा, चादरीला चुणी नाही. मला ते बघवत नसे. तिची जीभ मात्र शाबूत होती. "यांना बघ," मला म्हणाली, "आयुष्यभर रेघा मारल्या, आता मला सरळ करतायत." आणि भावजी हसले. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

परवा, म्हणजे सगळं होऊन महिना उलटल्यावर, मी डोंबिवलीला गेले. भरदुपारची वेळ. पलंग तसाच खिडकीशी होता, वर धुतलेली चादर. भावजींनी पाणी दिलं आणि समोर बसले. बराच वेळ आम्ही मुलाच्या बदलीविषयी बोललो. मग ते एकाएकी म्हणाले, "मीनाताई, तुम्हांला माहीत होतं ना? त्या माश्यांचं?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

"सांगितलं तिनं मला. मार्चात कधीतरी. दुपारची झोपली होती. हालचाल नाही, काही नाही. मी घाबरून नाडी बघायला गेलो, तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणते, 'अहो, लगेच टाकून नका देऊ मला. जरा वारा घाला, उठेन.' आणि हसायला लागली. मला काही कळेना. मग सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं हो... मला हसायला येईना. म्हटलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, 'बोलले असते तर तुम्ही पुन्हा कशाला हात लावला नसता.'"

 बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मग भावजी सांगू लागले, खाली फरशीकडे बघत. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. खोली नुसती भाजत होती. दुपारी तिचा श्वास थांबला. डॉक्टर आले, बघितलं आणि त्यांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. इमारतीतली माणसं जमली, कुणी सामान आणायला निघालं, बायका तिला खाली घ्यायला पुढे झाल्या. "मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. पंचा भिजवून तिच्या अंगावर पसरला आणि वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो. पंचा वाळला की पुन्हा भिजवायचा. प्रमोद बडोद्याहून येईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही मी. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला म्हाताऱ्याच्या. तसं नाही हो, ताई. मला ठाऊक होतं. ती गेली हे मला डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. पण मागे एकदा मी घाई केली होती ना..."

 माझ्या मनात इतकी वर्षं जे साठवलेलं होतं, त्यातलं काहीसुद्धा त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. उन्हं तिच्या खिडकीवर यायला लागली होती. भावजी उठले, खुंटीवरचा पंचा काढून मोरीत गेले, भिजवून, पिळून घेऊन आले आणि तो खिडकीच्या गजांना दोन्ही टोकांनी बांधू लागले. रोज बांधतात, या वेळेला. गाठ बसेना. मी एक टोक धरलं. पलंगावर गार झुळूक यायला लागली, आणि आम्ही दोघं तो वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.